पिवळ्या झेंड्यानंतरची दोन मिनिटं

मुकुंदा, तुझ्या तेराव्याला जेवायला येणाऱ्यांची यादी मीच, तुझ्या अक्काने, केली होती. त्रेसष्ट नावं, सत्तर पानं. चौसष्टावा माणूस यादीत नव्हता.

चाळिशीचा असेल. उजवा पाय ओढत आला, चपला दाराबाहेर भिंतीला लावून ठेवल्या आणि तुझ्या फोटोसमोर जाऊन उभा राहिला. फूल वाहिलं नाही, हात जोडले नाहीत. तो फोटोकडे बघतच नव्हता. फोटोच्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे बघत होता, बराच वेळ. मी नंतर जाऊन ती भिंत तपासली. एक खिळा आहे, बाकी काही नाही. सुधाने त्याला दारातून पाहिलं आणि ती आत निघून गेली. तुझी बायको अनोळखी माणसाला बघून आत जाणारी नव्हे. ती पाणी विचारते, गाव विचारते. म्हणजे ती त्याला ओळखत होती. तुमच्या घरात मला सोडून सगळ्यांना माहीत असलेलं काहीतरी आहे, हा संशय मला चार वर्षं होता. त्या दुपारी त्याला पाय फुटून तो जेवायला आला, एवढंच.

तुझं वय, तुझं वर्कशॉप, तुझा स्वभाव याबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत. मला एकाच गोष्टीचा उलगडा हवा होता. चार वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत, चेन्नईजवळच्या त्या गाड्यांच्या शर्यतीच्या ट्रॅकवर, तू झेंडा घेऊन उभा असताना काय झालं? तू सांगायचा राहिलास आणि मी नीट विचारायची राहिले.

आपले रविवार आठव. तू दारासुरमच्या रस्त्यावरचं गाड्या दुरुस्तीचं वर्कशॉप बंद करून संध्याकाळी माझ्याकडे यायचास, हातांना ऑइल आणि साबण यांचा मिळून वास. मी दोन डवऱ्यांत, त्या पितळी वाट्यांत, कॉफी गाळायचे. तू खुर्ची टीव्हीसमोर सरळ कधी ठेवली नाहीस. तिरपी लावायचास, मान वळवून शर्यत बघायचास आणि माझ्या पाठीमागचं रस्त्याकडचं दार तुला दिसत राहायचं. कोण येणार आहे, असं मी विचारलं की म्हणायचास, कोणी नाही, सवय आहे.

माझी वही टीव्हीखालच्या खणात असायची. चार रकाने. सेफ्टी कार कितव्या फेरीला काढली. कारण काय दिलं. पुढच्याची आघाडी किती होती. फायदा कोणाला झाला.

“अक्का, ही शर्यत बघायची वही आहे की पोलिसांची?”

“पोलीस एवढं नीट लिहीत नाहीत.”

माझं म्हणणं साधं होतं, आणि ते मी अजून पूर्ण सोडलेलं नाही. एक माणूस तासभर जिवाचं रान करून आघाडी मिळवतो. कुठेतरी कोणाच्या तरी गाडीचा तुकडा पडतो. लगेच सगळ्यांचा वेग आवरणारी सेफ्टी कार बाहेर येते, सगळ्या गाड्या तिच्यामागे शाळेच्या प्रार्थनेसारख्या एकामागे एक रांगेत लागतात आणि तासाभराची कमाई दोन फेऱ्यांत मिटते. मागच्याला फुकटात संधी, टीव्हीवाल्यांना शेवटच्या फेऱ्यांची धमाल. तुकडा कडेला पडून असतो तेव्हा चालतं. मग अचानक चालत नाही. दर वेळी मी पेनाचं टोपण काढायचे आणि तेच वाक्य म्हणायचे, “शर्यतीला रंग चढला की यांना धोका दिसतो.”

तू हसायचास. मार्शल असूनही हसायचास. वर्षातून चार-पाच वेळा सुट्टी घालून, स्वतःच्या खर्चाने जाऊन उन्हात झेंडे हलवणारा तू, अर्ध्या वेळा माझ्या बाजूने बोलायचास. उरलेल्या अर्ध्या वेळा मात्र बरोबर जागी बोट ठेवायचास.

“तू थिएटरमध्ये काय करतेस, अक्का? गॉजचे तुकडे आणि हत्यारं दोनदा मोजून जुळल्याशिवाय डॉक्टरला टाके घालू देत नाहीस. तो घाईत असला तरी. ऑपरेशन छान झालेलं असलं तरी.”

“आमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये कॅमेरे नसतात. मी मोजते ते कोणाच्या करमणुकीसाठी नाही.”

“आणि मोजणी जुळलीच शेवटी, तर थांबवणं फुकट गेलं का?”

यावर मी कॉफी आणायला उठायचे. ते तुझ्या लक्षात यायचं, हे माझ्याही लक्षात यायचं.

तिरुनीलक्कुडीला देवळात गेलो होतो तो दिवस परवा पुन्हा आठवला. परतताना वळणावर तुझ्या जुन्या गाडीचं मागचं चाक बसलं. एका बाजूला भाताचं शेत, दुसऱ्या बाजूला कालवा, गाडी कडेला घ्यायला जागा नाही. तू डिकीतून जॅक काढायच्या आधी तुझा पिवळा पंचा काढलास, माझ्या हातात दिलास आणि मला पन्नास पावलं मागे, वळणाच्या अलीकडे उभं केलंस.

“येणाऱ्या गाड्यांकडे तोंड कर. माझ्याकडे बघू नकोस. मी चाकाकडे बघणार, माझी पाठ तुझ्या ताब्यात.”

भर दुपारी चांगल्या रेशमी साडीत मी पंचा हलवत उभी. टाउन बस आली, सावकाश झाली आणि कंडक्टर बाहेर डोकावून तमिळमध्ये म्हणाला, “अम्मा, पंचा वाळत घालायला रस्ताच मिळाला का?” तू इतका हसलास की पाना हातातून निसटला. मी मागे वळून बघितलं तर ओरडलास, “बघू नको म्हटलं ना, पुढे बघ.” ते ओरडणं हसण्यातलं नव्हतं. ती बस सावकाश झाली होती, हे मी त्या वेळी मोजलं नाही.

घरी येताना तू सांगितलंस, ट्रॅकवर प्रत्येक पोस्टला, म्हणजे झेंडेवाल्यांच्या जागी, दोघे असे उभे राहतात. पिवळा झेंडा धरणारा येणाऱ्या गाड्यांकडे पाठ करून उभा असतो, कारण त्याला पुढे काय घडलंय ते बघायचं असतं. दुसरा त्याच्याकडे तोंड करून. दोघं एकमेकांकडे बघत नाहीत, एकमेकांच्या खांद्यावरून मागे बघतात. “ज्याच्या पाठीमागे गाड्या येतायत त्याने मागे वळायचं नाही,” तू म्हणालास. “वळला तर त्याला समोरच्या माणसावर भरवसा नाही असं होतं.” मी म्हटलं होतं, मी दर मिनिटाला वळले असते. तू म्हणालास, “म्हणून तुला नेत नाही.”

मग तो फेब्रुवारी. तू नेहमी रविवारी रात्रीच्या गाडीत बसून सोमवारी सकाळी यायचास, त्या वेळी सोमवारी उशिरा आलास. दर वेळी टेबलावर चमचे आणि पेले मांडून मला सगळी शर्यत दाखवायचास. त्या वेळी चमच्यांना हात लावला नाहीस. पुढच्या रविवारी टीव्हीवर कोणाचा तरी आरसा तुटून पडला, सेफ्टी कार आली, मी टोपण काढलं आणि माझं वाक्य म्हटलं. तू हसला नाहीस. म्हणालास, “बरं केलं.”

त्या पानाच्या समासात माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे: मु. मत बदललं. का?

चार वर्षं तू दुसरं काही म्हटलं नाहीस. आरसा पडला, बरं केलं. पाऊस आला, बरं केलं. गाडी नुसती घसरून परत मार्गाला लागली आणि तरी सेफ्टी कार काढली, तेव्हासुद्धा. माणूस वाद घालायचा सोडतो तेव्हा त्याच्याकडे काहीतरी असतं, असं मी मानते. फोनवर तुझे ट्रॅकवरचे फोटो यायचे. आधी छातीवर वॉकीटॉकी असायचा, नंतर नुसता झेंडा. मी त्याचा अर्थ लावला: मोठा साहेब झाला, बोलायचं काम आता हाताखालच्याकडे दिलं. तुला कुठल्यातरी कमिटीवर घेतलंय आणि म्हणून तू त्यांची बाजू उचलतोस, हे मी पक्कं करून टाकलं.

आणि शेवटच्या रविवारी ते तोंडावर म्हटलं. शेवटून चौथ्या फेरीत सेफ्टी कार आली, तू “बरं केलं” म्हणालास आणि माझा तोल गेला.

“मुकुंदा, तुला त्यांनी कसलं पद दिलंय का? एवढी वकिली माणूस उगाच करत नाही.”

तू डवरा खाली ठेवलास. “अक्का, तुला एकदा सांगायचंय.”

“मग सांग.”

“शर्यत संपू दे.”

शर्यत संपली तेव्हा सुधाचा फोन आला, पाण्याची मोटर अडकली होती. तू चपला घालून निघालास. दाराशी थांबलास खरा, पण मी वहीत आघाडीचा आकडा लिहीत होते, मान वर केली नाही. बुधवारी सकाळी वर्कशॉपमध्ये, शटर वर करता करता, तू गेलास. डॉक्टरांनी हृदय म्हटलं. त्यावरही मी संशय घेतला, सगळे कागद मागून घेऊन वाचले. कागदांत चूक नव्हती.

म्हणून तेराव्याला मी त्या पाय ओढणाऱ्या माणसाला मागल्या दारी, हात धुवायच्या जागी गाठलं.

“तुम्ही कोण?”

“सेल्वम्. कांचीपुरम्‌हून आलो. अण्णांबरोबर पोस्टवर असायचो.”

“तुमचं नाव माझ्या यादीत नाही.”

“नसणारच, अक्का.” त्याने हात पुसले. “तुम्ही अस्संच विचारता, हे अण्णा सांगायचे.”

“पायाला काय झालं?”

तो सुधाला शोधत आत बघू लागला. ती दाराला टेकून उभी होती. तिने मान डोलावली. मग तो बोलला, तमिळमध्ये, एकेक गोष्ट क्रमाने, जणू कोणाला जबाब देतोय.

शेवटच्या तीन फेऱ्या उरल्या होत्या. पुढचे दोघं नाकाला नाक लावून पळत होते, सगळा ट्रॅक उभा राहून बघत होता. तुमच्या वळणावर एक मागची गाडी फिरली आणि तोंड ट्रॅकवर ठेवून बंद पडली. तू सावकाश व्हा सांगणारा पिवळा झेंडा तिथल्या तिथे हलवलास. पोस्टचा प्रमुख तू, वॉकीटॉकी तुझ्याकडे. शर्यतीच्या कंट्रोल रूमकडे सेफ्टी कार मागायची होती. तू मागितली नाहीस. पिवळा पुरेल, एक फेरी जाऊ दे, असं तुला वाटलं. ड्रायव्हरचा पट्टा अडकला होता. सेल्वम् आत धावला. पुढच्या फेरीला एक गाडी पिवळा असूनही वेगात आली, सावरू गेली आणि उभ्या गाडीवर आदळली. उभी गाडी सरकून सेल्वम्‌च्या पायावर आली.

“मी त्यांच्या हुकमाशिवाय आत गेलो होतो,” सेल्वम् म्हणाला. “चूक माझी होती. अण्णा ऐकायला तयार नव्हते. हॉस्पिटलमध्ये माझ्या खाटेशी बसले आणि म्हणाले, एवढी छान शर्यत मोडायची नाही असं मनात आलं. आमच्या घरी एक वाक्य म्हणतात, ते कानात होतं. मी विचारलं, कुठलं? त्यांनी आधी तुमच्या भाषेत म्हटलं, मग मला अर्थ सांगितला.”

आणि त्या माणसाने, मराठीचं दुसरं अक्षर येत नसताना, तमिळ जिभेने ते वाक्य म्हणून दाखवलं. “रंग सडला की यांना दोका दिसतो.”

मुकुंदा, माझं वाक्य मी आजवर माझ्याच तोंडून ऐकलं होतं.

सेल्वम् पुढे सांगत होता, मी अर्धंच ऐकलं. पोस्टवर प्रत्येक घटनेची वेळ एका कागदावर लिहायची असते. संध्याकाळी तुला दोघा-तिघांनी समजावलं की गाडी थांबली ती अकरा वाजून बारा मिनिटांनी, सेफ्टी कार मागितली तीही अकरा बाराला लिही, कोणाचं काही बिघडत नाही. तू अकरा चौदा लिहिलंस. त्यानंतर तुझ्याकडे वॉकीटॉकी दिला नाही. तू तरी जात राहिलास, चार वर्षं, नुसता झेंडा धरायला, तुझ्याहून निम्म्या अनुभवाच्या माणसाच्या हाताखाली. आणि मी तुला विचारलं, कसलं पद दिलंय.

सगळे गेल्यावर मी सुधाला धरलं. “तुला माहीत होतं.”

“हो.”

“मला का नाही सांगितलं?”

“हेच म्हणाले, अक्काला सांगू नको. ती कोणाचं चुकलं याची यादी करेल आणि पहिल्या ओळीवर स्वतःचं नाव लिहील.”

मग तिने कपाटातून तुझ्याकडची कार्बनची प्रत आणून दिली. तुझं अक्षर, मोठं, मेकॅनिकचं. अकरा बारा, गाडी थांबली. अकरा बारा, पिवळा हलवला. अकरा चौदा, सेफ्टी कार मागितली. आणि दुसऱ्या व तिसऱ्या नोंदीच्या मध्ये एक कोरी ओळ.

नोंदवही लिहायला तुला मी शिकवलं. कोरी ओळ सोडायची नाही, नंतर कोणीही त्यात काही घुसडेल; सोडावीच लागली तर तिरपी रेघ मारून बंद करायची. वर्कशॉपच्या वहीत तू इतकी वर्षं तसं करत आलास, मी तपासली आहे. या एका कागदावर ओळ उघडी आहे. मी ती आठवडाभर बघतेय. तिथे कारण लिहायचं होतं आणि लिहवलं नाही? की लिहिलं असतंस तर घरातलं वाक्य ट्रॅकच्या कागदावर आलं असतं म्हणून सोडलंस? तू मला वाचवत होतास, की मला घाबरत होतास? सुधाला विचारलं तर ती म्हणते, दोन्ही असेल. असली उत्तरं मला चालत नाहीत, हे तुला माहीत आहे.

मी सेल्वम्‌वरही संशय घेऊन पाहिला. मेलेल्या माणसाबद्दल लोक चांगलं सांगतात. कदाचित तू नुसताच गोठला असशील आणि वाक्य नंतर सुचलं असेल. गडबडीत कोणाला कुठे घरचं बोलणं आठवतं? हा मुद्दा मी नीट मांडला, स्वतःशी, एकदा नव्हे, अनेकदा. मग थिएटरमध्ये शुक्रवारी डॉक्टर म्हणाले, सिस्टर, जुळतंय, मी बंद करतो. माझी दुसरी मोजणी व्हायची होती. क्षणभर मला वाटलं, एवढं छान झालंय, कशाला थांबवायचं. आणि ते माझ्या आवाजात वाटलं नाही, तुझ्या आवाजातही नाही. सेल्वम्‌च्या जिभेने वाटलं. मी म्हटलं, थांबा. मोजलं. सगळं होतं. कोणाचंच काही वाचलं नाही, फक्त दोन मिनिटं गेली. मी हात धुवायला गेले आणि नळ सुरू ठेवून तिथेच उभी राहिले.

म्हणून आता संशय संपवते, निदान या एका बाबतीत. वाक्य माझं होतं. दोन मिनिटं तुझी होती, आणि ती तू लपवली नाहीस. सगळे सोपी वेळ लिही म्हणत असताना खरी लिहिलीस. मला तुझा अभिमान वाटतो, हे मी तुला जिवंतपणी कुठल्याही यादीत लिहिलं नाही. कोऱ्या ओळीत मी काही लिहिलेलं नाही. तिरपी रेघही मारलेली नाही. कागद माझ्या वहीत ठेवला आहे, त्या फेब्रुवारीच्या पानाशी. समासातल्या “का?” समोर माझं नाव घातलं. तुझा अंदाज बरोबर होता, पहिल्याच ओळीवर.

सेल्वम् फोटोच्या खांद्यावरून काय बघत होता, तेही कळलं. तुझी पाठ सांभाळत होता.

काल रविवार होता. सुधाला बोलावलं होतं. तिला शर्यतीतलं काही कळत नाही, पण ती तुझ्या खुर्चीवर बसली आणि खुर्ची सरळ केली नाही. उरलेल्या फेऱ्या पाच, पुढच्याची आघाडी चांगली, आणि एका वळणावर एक गाडी कडेला बंद पडली. सेफ्टी कार आली. सुधा माझ्याकडे बघायला लागली. मी टोपण काढलं, वाक्य म्हटलं नाही. इतकी वर्षं मी पडद्यावर आकडे बघत आले. काल पहिल्यांदा वळणाची कड बघितली. कॅमेरा दोन सेकंद तिथे होता. नारिंगी कपड्यांतला एक माणूस येणाऱ्या गाड्यांकडे पाठ करून उभा, हातात पिवळा झेंडा. तो मागे वळून बघत नव्हता. त्याच्या समोरचा दुसरा शोधेपर्यंत कॅमेरा पुढच्या गाडीवर गेला.

सेफ्टी कार आत गेली तेव्हा मी वही ओढली. फेरी लिहिली. कारण लिहिलं. आघाडी लिहिली, आणि बाजूला बारीक अक्षरात, पाच फेऱ्या उरल्या असतानाच काढली, लक्ष ठेवायचं, हेही लिहिलं. तू हसला असतास. मग चौथा रकाना, फायदा कोणाला. तिथे आजवर मी ड्रायव्हरची नावं लिहीत आले.

काल लिहिलं: वळणावरचा झेंडेवाला. नाव माहीत नाही.